शिल्लक वेळ : चार मिनिटे

व्हिडिओचा एक्सपोर्ट चालू असताना आमच्या घरात मिक्सर लावत नाहीत. इस्त्री नाही, ओव्हन नाही, गिझर तर नाहीच नाही. कुणाला आंघोळच करायची असेल तर त्याने आधी मला विचारायचं आणि मी नको म्हणायचं, अशी पद्धत आहे. आमच्या वायरिंगला कधी काय सोसवेल आणि कधी सोसवणार नाही याचा नेम नाही. घरात एक यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी केव्हाच गेलेली असल्यामुळे वीज गेली की तो जोरात ओरडून ती बातमी देतो आणि मग स्वतःही बंद पडतो. ९४ टक्क्यांवर वीज गेली तर एक्सपोर्ट ९४ पासून पुढे चालू होत नाही, शून्यापासून होतो. हे ज्याने एकदा पाहिलं तो पुढे चटणीशिवाय जगायला शिकतो.

"पाट्यावर वाटू का?" बायको विचारते. "की त्यानेही तुमच्या फ्रेमा गळतात?"

प्रत्येक कुटुंबात एक माणूस व्हिडिओवाला म्हणून नेमला जातो. नेमणुकीला पात्रता एकच लागते : त्याने कधीतरी कुणाच्या तरी बारशाच्या फोटोंना गाणं जोडलेलं असावं. तेवढ्या भांडवलावर मुंजी, केळवणं, साठीशांती, सोसायटीचा गणपती हे सगळं आपोआप त्याच्याकडे येतं. माझ्याकडे तसंच सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. मेहुण्याने फोनवर सांगितलं, "बाबांच्या आयुष्यावर एक छोटीशी फिल्म. पाचेक मिनिटांची. तुम्हाला काय, अर्ध्या तासाचं काम."

पाच मिनिटांची फिल्म वीस मिनिटांवर गेली. कुणाचा फोटो घ्यायचा हा प्रश्न सोपा होता. कुणाचा नाही घेतला तर कोण बोलणं सोडेल, हा अवघड होता. थोरल्या आत्या चार सेकंद दिसल्या आणि धाकट्या तीन, तर ते एक सेकंद पुढच्या पिढीपर्यंत पोचतं. म्हणून सगळ्यांना सारखी सेकंदं, जोडप्यांना एकत्रित, आणि ज्यांनी अहेर मोठा केला होता त्यांना मेहुण्याच्या शिफारशीवरून थोडी वाढवून.

एवढं झाल्यावर मी 'एक्सपोर्ट'चं बटण दाबलं आणि सासूबाई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या.

"जावईबापू, हे सगळं पडद्यावर तर दिसतंय. आत्ताच पाहिलं की आपण. मग आता ते काय करतंय?"

हा प्रश्न प्रत्येक एडिटरला विचारला जातो आणि त्याला शहाण्यासारखं उत्तर द्यायच्या फंदात सहसा कुणी पडत नाही. मी पडलो. म्हटलं, टाइमलाइनवर दिसते ती नुसती सूचनांची यादी असते. हा फोटो इथून, ते गाणं तिथून, ही अक्षरं या रंगात. एक्सपोर्टमध्ये या सूचना एकेका फ्रेमवर खरोखर अमलात आणायच्या असतात. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे वीस मिनिटांच्या ३०,०००. फोर-के म्हणजे एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, ८२,९४,४०० ठिपके. एकूण सुमारे २४,८८३ कोटी ठिपके.

"कोटी?" सासूबाई म्हणाल्या. "आणि सगळ्यात आमचे हेच?"

त्यांना कोटींपेक्षा दुसऱ्या गोष्टीचं नवल वाटत होतं. "पण फोटो तर हलत नाहीत. मग त्यांना वेळ का लागावा?" मुद्दा बिनतोड होता. फोटो जागच्या जागी ठेवले असते तर काम खरंच हलकं झालं असतं. पण प्रत्येक फोटो पडद्यावर आला की हळूहळू मोठा होत गेला पाहिजे, असा आमच्या घराण्यात आग्रह आहे. केन बर्न्स या अमेरिकन माहितीपटकाराच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. त्यांनी तो यादवी युद्धातल्या सैनिकांच्या फोटोंसाठी वापरला, आम्ही माथेरानच्या घोड्यावरच्या फोटोंसाठी वापरतो. फोटो कणाकणाने मोठा होतो, म्हणून प्रत्येक फ्रेम वेगळी, म्हणून प्रत्येक फ्रेमचं गणित नव्याने.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण १९६८ सालच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो मेहुण्याने अल्बममधून मोबाइलवर टिपून पाठवले होते. त्यांच्यावर खरे ओरखडे होते, खऱ्या बुरशीचे ठिपके होते आणि कोपऱ्यात मेहुण्याचा अंगठा होता. ते सगळं काढायला मी दाणेदारपणा घालवणारा इफेक्ट लावला. एडिटिंगमध्ये याच्याइतकं जड काम दुसरं क्वचितच असेल. मग मेहुण्याचा मुलगा आला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "काका, हे फारच क्लीन दिसतंय. जरा विंटेज लूक द्या ना." विंटेज लूक म्हणजे फोटोवर ओरखडे आणि ठिपके. म्हणजे संगणकाने प्रत्येक फ्रेममधले खरे ओरखडे आधी पुसायचे आणि त्याच जागी खोटे मारायचे. तो बिचारा ते निमूटपणे करत होता. त्याच्या पंख्याचा आवाज तेवढा वाढला होता.

त्यातून लग्नाची चित्रफीत मध्ये घातलेली. ती धाकट्या मेव्हणीच्या लग्नातली होती, सासरे त्यात कन्यादान करताना दिसतात म्हणून घेतली. व्हिडिओ दाबून लहान करणारे आजकालचे कोडेक, म्हणजे एच.२६४ आणि त्याचा धाकटा भाऊ एच.२६५, मुळात आळशी आणि म्हणून हुशार असतात. मागच्या फ्रेममधली भिंत याही फ्रेममध्ये तिथेच असेल तर ती पुन्हा लिहीत नाहीत, जे बदललं तेवढंच लिहितात. आमच्या नातेवाइकांसाठी हे तंत्र फार सोयीचं आहे, कारण कॅमेरा समोर आला की ते श्वाससुद्धा घेत नाहीत. पण 'सावधान' झालं आणि अक्षता उडाल्या! प्रत्येक तांदूळ वेगळ्या दिशेला, प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी, कशाचाच मागच्याशी मेळ नाही. कोडेक तयार करणाऱ्यांनी मराठी लग्न पाहिलं होतं की नाही कोण जाणे. पाहिलं असतं तर अक्षता हळू टाका अशी सूचना त्यांनी नक्की दिली असती.

आता 'शिल्लक वेळ' या प्रकाराबद्दल. सुरुवातीला स्क्रीनवर आलं, चार मिनिटे. मी चहा टाकायला सांगितला. चहा येईपर्यंत ते झालं एक तास बारा मिनिटे. कप खाली ठेवला तेव्हा पंचवीस मिनिटे. यात लबाडी काहीच नसते. आतापर्यंत काम ज्या वेगाने झालं त्याच वेगाने पुढेही होईल, असं ते सॉफ्टवेअर भोळेपणाने धरून चालतं. सुरुवातीला गणपतीचं चित्र आणि नाव एवढंच होतं, ते झटकन गेलं. पुढे ओरखडे आहेत आणि त्याच्यापुढे अक्षता, हे त्याला कुठून माहीत असणार? मेहुणाही नेमकं असंच बोलतो : "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो." त्याच्याही बाबतीत पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला माहीत नसतं.

या पुढे सरकणाऱ्या पट्टीवर लोकांनी संशोधन केलेलं आहे. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ साली लिहिलं की काम किती टक्के झालं हे दिसत असलं की माणसांना बरं वाटतं. २००७ साली क्रिस हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की शेवटाकडे वेग घेणारी पट्टी लोकांना जलद वाटते, वेळ तेवढाच लागला तरी. दोन्ही निष्कर्ष मान्य. पण या प्रयोगात बसवलेल्या माणसांनी संध्याकाळी सातचा हॉल बुक केलेला नसणार आणि त्यांच्या मागे सासूबाई बसलेल्या नसणार.

पूर्वी हा त्रास नव्हता. कॅसेटच्या काळात तीन तासांच्या लग्नाची प्रत काढायला तीनच तास लागायचे. एका व्हीसीआरमध्ये मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी, आणि मिक्सिंगवाला दुकान ओढून जेवायला घरी. टक्के दिसत नसत, त्यामुळे कुणी विचारत नसे. नवरा-नवरी बदामाच्या आकारात फिरत यायची, मग बदाम फुटायचा, आणि दोन महिन्यांनी कॅसेट हातात पडली तरी लोक म्हणायचे, वा, लवकर दिलीत.

आणि खरं तर नाशिकच्या माणसाने या बाबतीत कुरकुर करूच नये. दादासाहेब फाळके पुढे आपला कारखाना घेऊन आमच्याच गावी आले. त्यांनी १९१२ साली पैसेवाल्यांना पटवायला जी छोटी फिल्म केली, तिच्यात वाटाण्याचं रोप उगवताना दिसतं. एकेक फ्रेम, रोपाच्या सवडीने. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी फिल्मच्या पट्टीला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केली. हे मी मोठ्या उत्साहाने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी निदान बाईंना मिक्सर लावू नका असं तर सांगितलं नव्हतं."

मेहुण्याचा मुलगा मात्र इतिहासात रमणारा नव्हता. त्याने माझी खुर्ची घेतली, दोन खिडक्या उघडल्या आणि डॉक्टर एक्स-रे धरतात तसा चेहरा केला.

"काका, तुमचं ग्राफिक्स कार्ड काहीच करत नाहीये."

"कसं शक्य आहे? केवढ्याला घेतलंय ते!"

"घेतलंय, पण काम सांगितलं नाहीये. इथे बघा, 'सॉफ्टवेअर एन्कोडिंग'."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ग्राफिक्स कार्ड हा संगणकातला जावई असतो. त्याला आणताना सगळ्यात जास्त खर्च होतो, बसायला सगळ्यात मोठी जागा द्यावी लागते, खाणंपिणं भरपूर लागतं, त्याच्यासाठी वेगळे पंखे असतात, आणि घरात सगळे घाम गाळत असले तरी त्याला उठा म्हणायची कुणाची टाप नसते. बिचारा प्रोसेसर एकटा धावपळ करतो. स्वतः त्या घरचा जावई असल्याने मला हे आधीच ओळखता यायला हवं होतं. खरं तर इंटेलने २०११ साली प्रोसेसरमध्येच व्हिडिओ एन्कोड करणारा वेगळा भाग दिला, २०१२ मध्ये एनव्हिडियाने कार्डात दिला. तेव्हापासून तो भाग घरोघरी पडून आहे. एक यादी उघडून 'हार्डवेअर' निवडायचं, बस्स. त्याच आकाराच्या फाइलमध्ये दर्जा कधी केसभर कमी पडतो, पण तो केस दिसायला सासऱ्यांचं वय एक्याऐंशीऐवजी एकवीस हवं.

पुढची खिडकी उघडून मुलगा आणखी गंभीर झाला. "काका, मॅक्सिमम क्वालिटीवर टिक का केलीय?"

आता याला काय उत्तर असतं? चौकोन रिकामा होता. त्याच्यासमोर 'सर्वोत्तम दर्जा' असं लिहिलेलं होतं. आणि खूण करायला पैसे पडत नव्हते. मध्यमवर्गीय मराठी माणसासमोर अशी परिस्थिती आली तर तो दुसरं काय करील? खाली 'दोन फेऱ्या' असाही पर्याय होता, म्हणजे सगळी फिल्म आधी एकदा नुसती तपासायची आणि मग दुसऱ्यांदा लिहायची. एका फेरीच्या भावात दोन मिळत असताना एक घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"आणि फोर-के कशाला?"

"मोठ्या पडद्यावर दाखवायचंय."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका आले. हॉल त्यांच्या ओळखीने मिळाला होता. त्यांनी सहज सांगितलं की तिथला प्रोजेक्टर जुना आहे, १०२४ गुणिले ७६८चा. मुलाने मोबाइलवर गुणाकार केला : ७,८६,४३२ ठिपके. म्हणजे आम्ही रात्रभर मिक्सर बंद ठेवून जे ठिपके तयार करत होतो, त्यातल्या दहापैकी नऊ ठिपक्यांना पडद्यावर बसायला जागाच नव्हती. मेहुणा तरीही म्हणाला, "असू दे. फोर-के आहे म्हणून सांगता येतं."

काकांनी स्वतःचे उपाय सुचवले. कॅबिनेटची बाजू काढून टेबलफॅन लावावा, हा त्यातला पहिला. हसू नका, तो चालतो. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो, गार राहिला की पळतो. दुसरा उपाय ओल्या फडक्याचा होता, तो आम्ही आभार मानून नाकारला. तिसरा म्हणजे डेस्कटॉपवरची चिन्हं रांगेत लावणं. त्याचा वेगाशी संबंध नाही, पण काकांनी तोवर लावून टाकली होती आणि त्यात आमचं फोटोंचं फोल्डर दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलं. सॉफ्टवेअरने ताबडतोब लाल पाटी दाखवली, 'मीडिया ऑफलाइन'. सासूबाईंनी घाबरून विचारलं, "म्हणजे हे गेले का?" सासरे आतल्या खोलीत पेपर वाचत होते, त्यांनी ओ दिली.

वेग वाढवायच्या युक्त्या शोधण्यात एक नशा असते. मी त्यांचे व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहू लागलो. हलक्या प्रॉक्सी फाइलवर काम करा. जिथे इफेक्ट जड आहेत तो भाग आधीच रेंडर करून ठेवा आणि एक्सपोर्टच्या वेळी तोच वापरा. फाइल वाचायची एका डिस्कवरून, लिहायची दुसऱ्या डिस्कवर, दोन्ही एसएसडी असतील तर उत्तम. सगळं खरं आहे. फक्त एवढं सगळं समजून घेताना बाहेर दोनदा अंधार पडला. माझ्यासारख्या कुणीही प्रिमिअर, रिझॉल्व्ह आणि एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या तिन्ही पंथांच्या माणसांना एकत्र बसवून सर्वांत वेगवान कोण हे विचारून पाहावं. त्या चर्चेत तिघांचेही एक्सपोर्ट पूर्ण होतील.

शेवटी सगळी बटणं योग्य जागी गेली, जावई कामाला लागला, आणि पट्टी अशी पळू लागली की सासूबाईंनी खुर्ची मागे घेतली. साठ टक्के. पासष्ट. आणि थांबली. 'डिस्कवर जागा नाही.' फाइल थेट मेहुण्याच्या पेनड्राइव्हवर जात होती आणि त्यावर पंचवीस-तीस जीबी जागा रिकामी होती. पुन्हा लावलं, पुन्हा पासष्टच्या आसपास तेच. मेहुण्याने पेनड्राइव्ह काढला, फुंकर मारली, पुन्हा घातला.

कारण साधं होतं. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि त्या पद्धतीत एका फाइलला चार जीबीच्या वर जाता येत नाही. घर कितीही रिकामं असो, एका माणसाला एकच खोली. आमची फाइल सहा जीबीची होणार होती. एक्सफॅट केलं आणि सुटलं. पण तोवर मेहुण्याने त्या फुंकरीचं श्रेय घेतलं होतं, ते त्याच्याकडेच आहे.

शंभर टक्के झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फिल्म पहिल्यांदा पूर्ण पाहायला सासरे बाहेर आले. सगळं शांतपणे पाहिलं, एकदोनदा चष्मा पुसला. श्रेयनामावली संपताना म्हणाले, "छान आहे. पण आमच्या बाळासाहेबांच्या नावामागे 'कै.' का लावलंय? सकाळीच फोनवर बोललो मी त्यांच्याशी."

नावांची यादी मेहुण्याने पाठवली होती. त्याचं म्हणणं, यादी आत्याने सांगितली. आत्याचं म्हणणं, ते बरेच दिवसांत दिसले नाहीत.

एका अक्षरासाठी सगळी फिल्म पुन्हा. इथे मुलाने मला एक खरोखर कामाची गोष्ट शिकवली. मुख्य प्रत प्रोरेससारख्या कोडेकमध्ये ठेवली, जिथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, तर काही सॉफ्टवेअरमध्ये बदललेला तुकडाच नव्याने तयार होतो, बाकीचा जसाच्या तसा उचलला जातो. फाइल अवाढव्य होते, पण 'कै.'चं 'श्री.' करायला मिनिटही लागत नाही. ज्यांच्या घरात आत्या आहेत त्यांनी मोठी हार्डडिस्क घ्यावीच.

फिल्म सात वाजता लागली. तेव्हाच पहिली पंगत बसली. हॉलमध्ये सासरे, सासूबाई, प्रोजेक्टरवाला आणि बाळासाहेब एवढे होते. बाळासाहेबांनी आपलं नाव येईपर्यंत वाट पाहिली आणि मग तेही जेवायला गेले. रात्री ग्रुपवर मागणी आली, "व्हिडिओ टाका ना, आम्हाला बघायला मिळाला नाही." मी टाकला. व्हॉट्सअ‍ॅपने तो पाठवताना असा दाबून लहान केला की खरे ओरखडे, खोटे ओरखडे आणि मेहुण्याचा अंगठा यांत फरक उरला नाही. खाली छत्तीस नमस्कार आले. मेहुण्याने लिहिलं, "फोर-के आहे."

पुढच्या महिन्यात आमच्याकडे आणखी एक साठीशांत आहे. संबंधितांना विनंती : नावांची यादी लेखी द्यावी, तीत हयात आणि दिवंगत असे दोन स्वतंत्र रकाने करावेत आणि खाली आत्यांच्या सह्या घ्याव्यात. पेनड्राइव्ह आणू नये. फिल्म जेवणाआधी लावावी. आणि कितपत आलंय हे विचारायला फोन करू नये, टक्के मलाही तेवढेच दिसतात.